घरकुल मंजूर, पण जागाच नाही? बेघर कुटुंबांसाठी ग्रामसभेत काय करता येतं, जाणून घ्या

यादीत नाव आलं, घरकुल मंजूर झालं, पण बांधायचं कुठे? भावकीच्या जागेत, गायरानात किंवा दुसऱ्याच्या पडवीत राहणाऱ्या कुटुंबांचं घोडं इथंच अडतं. अनुदान घर बांधायला मिळतं, जागेचा प्रश्न मात्र आधी गावात बसूनच सोडवावा लागतो.

घरकुलाला किती पैसे मिळतात?

2016 पासून इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू आहे. सपाट भागात 1 लाख 20 हजार, तर डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये ही योजनेची मूळ रक्कम. यातला 60 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून मजुरी वेगळी. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट असावं लागतं. बांधकामाचे फोटो अपलोड होतील तसे हप्ते थेट बँक खात्यात येतात.

याशिवाय राज्याच्याही योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गासाठी मोदी आवास.

जागा नसेल तर तीन वाटा

1. सरकारी किंवा गावठाणातली जागा: भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणं ही राज्य सरकारची जबाबदारी आहे, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे. ग्रामसभेने मोकळ्या जागांची यादी करून ठराव पंचायत समिती आणि तहसीलकडे पाठवावा.

2. जागा विकत घेणं: पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत मिळते. आधी मर्यादा 50 हजार होती, ती नंतर 1 लाख झाली. अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीत जातो.

3. राहत्या जागेचं अतिक्रमण नियमित करणं: शासकीय जागेवर 1 जानेवारी 2011 च्या आधीपासून राहत असाल तर अटींवर हे होऊ शकतं. जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव जपून ठेवा. गायरानाचं प्रकरण मात्र नाजूक असतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश दिले, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर दिलेल्या जागांचा अपवाद ठेवला. म्हणून तोंडी आश्वासनावर राहू नका, कागद करून घ्या.

एक लक्षात ठेवा: ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद. तेवढ्यावर जागेची मालकी सिद्ध होत नाही.

नाव वगळलं तर?

फटफटी किंवा फ्रिज आहे म्हणून आता नाव कापता येत नाही. 2024 मध्ये या अटी काढल्या आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजार केली. तरी नाव कापलं तर कारण लेखी मागा. अपील समितीकडे दाद मागता येते.

ग्रामसभेत हे चार प्रश्न विचारा

- गावात पक्कं घर नसलेली कुटुंबं किती? त्यातली यादीत किती आहेत?
- मंजूर घरकुलांपैकी किती जागेअभावी अडली आहेत?
- गावठाणात मोकळी जागा किती आहे?
- जागा खरेदीचे अर्ज कधी पाठवले?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याला घर नाही तो बहुतेक वेळा ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी असतो, त्यामुळे ग्रामसभेत त्याची खुर्ची रिकामीच राहते. त्याच्या वतीने शेजाऱ्याने प्रश्न विचारला तरी चालतो.