मुलांचे संग्रहालय आणि नगराचे भाडे

सोलापुरातील नवी पेठ ही व्यापाराची पेठ आहे. अशा पेठेत जागेचे मोल तेथे होणाऱ्या विक्रीवरून ठरते, आणि ते तसे ठरावे यात वावगे काही नाही. आता अशी कल्पना करावी की, नफा न कमावणाऱ्या एखाद्या मंडळाने या पेठेतील महापालिकेच्या मालकीचे दोन खण घेऊन तेथे मुलांसाठी वस्तुसंग्रहालय मांडण्याचे मनात आणले. मंडळाजवळ वस्तू आहेत, त्या समजावून सांगणारी माणसे आहेत, पाहावयास येणारी मुलेही आहेत. नाही ते फक्त दुकानाइतके भाडे देण्याचे सामर्थ्य. मंडळ अर्ज करते : भाड्यात सूट मिळावी. नगराने यास काय उत्तर द्यावे?

प्रसंग कल्पित असला तरी प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रातील संग्रहालयांच्या इतिहासात तो वारंवार उभा राहिला आहे, आणि प्रत्येक वेळी वस्तूंच्या दुर्भिक्षापेक्षा छपराच्या अनिश्चितीनेच संग्रहालयांचे अधिक नुकसान केले आहे.

मुंबईचे पहिले वस्तुसंग्रहालय घ्यावे. लंडन येथे १८५१ साली व पॅरिस येथे १८५५ साली मोठी औद्योगिक प्रदर्शने भरली. त्या निमित्ताने जमविलेल्या देशी वस्तूंच्या संग्रहातून कोटातील टाऊन बराकीत एक छोटे संग्रहालय उभे राहिले. जागा सरकारी होती, परंतु ती संग्रहालयाच्या हक्काची नव्हती. १८५७ चा उठाव झाला, सैन्यास बराक हवी झाली, आणि परिश्रमाने मांडलेल्या वस्तू बाहेर काढण्यात आल्या. त्या धांदलीत कित्येकांची नासधूस झाली. सैन्यास जागा हवी होती हे खरे; पण संग्रहालयाच्या बाजूने दाखविण्यास कागदाचा एक तुकडाही नव्हता, हेही तितकेच खरे.

यानंतर मुंबईच्या नागरिकांनी स्वतंत्र इमारतीचा ध्यास घेतला. डॉ. जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी माणसे त्या खटपटीत होती. १८६२ साली भायखळ्यास कोनशिला बसली. वर्गण्यांचे आकडे मोठे होते, कारण ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. पुढे १८६५ साली ती तेजी ओसरली, शेअरबाजार कोसळला, आणि त्याबरोबर वर्गण्यांचा ओघही आटला. अर्धवट राहिलेले काम अखेर सरकारी पैशाने पुरे झाले व २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. १८८६ पासून त्याचा भार मुंबई नगरपालिकेने उचलला. नागरिकांनी आरंभ करावा, सरकारने तडीस न्यावे, आणि नगराने चालवावे, अशा तीन खांद्यांवर ही पालखी निघाली. यांपैकी एकही खांदा उरलेल्या दोघांवाचून पुरा पडला नसता.

दुसरे उदाहरणही मुंबईचेच आहे. १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसली. १९०७ साली मुंबई सरकारने ‘क्रेसेंट साइट’ नावाची जागा समितीस दिली, आणि १९०९ साली संग्रहालयासाठी स्वतंत्र कायदा झाला. या वेळी जागा होती, कायदाही होता. तरीसुद्धा इमारत उभी राहते न राहते तोच पहिले महायुद्ध आले आणि तेथे लष्करी रुग्णालय व बालसंगोपनाचे केंद्र थाटण्यात आले. समितीच्या हाती इमारत आली ती १९२० साली, आणि संग्रहालय उघडले १० जानेवारी १९२२ रोजी. साठ वर्षांच्या अंतराने इतिहासाने तोच प्रसंग पुन्हा घडविला, परंतु त्याचा शेवट निराळा झाला. १८५७ साली वस्तू रस्त्यावर आल्या होत्या. १९२० साली इमारत ज्याची त्यास परत मिळाली. हा फरक कायद्याने पाडला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच आवारात २०१९ साली मुलांसाठी वेगळे संग्रहालय सुरू झाले. ज्या भूमीची निश्चिती एक शतकापूर्वी झाली होती, तिच्यावर मुलांची हक्काची जागा झाली.

मुलांसाठी म्हणून उभारलेले जगातील पहिले संग्रहालय अमेरिकेतील ब्रुकलिन येथे १६ डिसेंबर १८९९ रोजी उघडले. त्याचे घर म्हणजे बेडफर्ड पार्क या सार्वजनिक उद्यानातील एक जुनी हवेली. मुलांनी काचेच्या कपाटाबाहेरून नुसते पाहत राहू नये, वस्तू हाताळाव्यात, हा विचार तेथे रुजला. आज या संग्रहालयाची गणना न्यूयॉर्कमधील अशा संस्थांत होते की, ज्यांत इमारत नगराची आणि कारभार संस्थेचा असतो. नगर भाडे घेत नाही. त्याच्या मोबदल्यात संस्था लोकांची सेवा करते. ही सूट दरवर्षी हात जोडून मागावयाची भीक नव्हे. तो दोन पक्षांमधील करार आहे, आणि म्हणून तो टिकला आहे.

आता सोलापूरकडे वळावे. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे या प्रांतातील आरंभीच्या नगरपालिकांपैकी. पुढच्याच वर्षी, १८५३ साली, येथे सार्वजनिक ग्रंथालय निघाले; तेच आज हिराचंद नेमचंद वाचनालय म्हणून प्रसिद्ध आहे. रस्ते, पाणी व दिवे यांची घडी अजून बसावयाची असतानाच या गावास पुस्तकांची गरज भासली होती. १९३० साली याच नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकाविला आणि त्यानंतरच्या लष्करी कायद्याचे चटके गावाने सोसले. १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचा कारभार ज्या इंद्रभुवनातून चालत आला आहे, ती वास्तू मुळात अप्पासाहेब वारद या सोलापूरच्या धनिकाने बांधलेली हवेली. चीनमध्ये रुग्णसेवा करता करता देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. त्यांच्या राहत्या घराचे स्मारक महापालिकेने २०१२ साली सिद्ध केले. तात्पर्य, खासगी घराचे सार्वजनिक वास्तूत रूपांतर करणे आणि स्मृतीसाठी छप्पर देणे ही गोष्ट सोलापूरच्या नगरसंस्थेस अपरिचित नाही.

मग अडचण कोठे आहे? ती कायद्यात आहे, आणि ती अकारणही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १९४९ चा कायदा. त्यात महापालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची मानली आहेत : अवश्य करावयाची आणि इच्छेनुसार करावयाची. पाणी, गटारे, रस्ते ही पहिल्या प्रकारात, तर संग्रहालये दुसऱ्या प्रकारात मोडतात. तिजोरी भरलेली असली म्हणजे ऐच्छिक कर्तव्याची आठवण होते; ती रिकामी झाली की पहिली कात्री तेथेच लागते. त्याच कायद्याचे कलम ७९ असे सांगते की, महापालिकेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यावयाची तर मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असू नये. मालमत्ता लोकांची आहे; ती आपल्या माणसास कवडीमोलाने देण्याची वाट बंद व्हावी, हा त्यातील हेतू योग्यच आहे. परंतु दुकान आणि मुलांचे संग्रहालय यांस हे कलम एकाच तागडीत तोलते.

या तागडीचा परिणाम आकड्यांत पाहावा. २०१९ साली राज्य शासनाने केलेल्या नियमांनी असे भाडे मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांहून कमी नसावे असे ठरविले. नव्या पेठेतील जागेचे मूल्य समजा १ कोटी रुपये धरले, तर वर्षाचे भाडे किमान ८ लाख रुपये झाले. दर मुलास २० रुपये प्रवेशमूल्य ठेवले, तर नुसत्या भाड्यासाठी वर्षास ४०,००० मुले यावयास हवीत. दिवा, झाडू आणि शिक्षकाचे वेतन वेगळेच. या नियमांविरुद्ध ठिकठिकाणी गाळेधारकांनी ओरड केली, आणि २०२३ साली शासनाने दर उतरविले. व्यापारी व औद्योगिक वापरास किमान ०.७ टक्के, आणि निवासी, शैक्षणिक, धर्मादाय व सार्वजनिक वापरास किमान ०.५ टक्के असे ते ठरले. त्याच १ कोटीच्या जागेचे किमान भाडे आता ५०,००० रुपये होते, आणि त्यासाठी २,५०० मुले पुरतात. पहिला हिशेब संस्था बुडविणारा होता. दुसरा तिला जगू देणारा आहे. मात्र हे दर किमान आहेत. प्रत्यक्षात किती आकारावे, हे नगराच्या विवेकावर राहते.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो टाळता येणारा नाही. नव्या पेठेतील लहान दुकानदार म्हणेल, “मी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून पुरे भाडे भरतो, मग शेजारच्या खणास सूट का?” त्यास उत्तर देणे नगराचे कर्तव्य आहे. सूट ही कोणाच्या तरी खिशातून येते, हे प्रथम मान्य करावे लागेल. जी रक्कम सोडली ती लपवून ठेवू नये. ‘संग्रहालयास अनुदान’ अशा शीर्षकाखाली ती अंदाजपत्रकात स्पष्ट लिहावी, म्हणजे दुकानदारास व करदात्यास आपला पैसा कोठे गेला ते कळेल. अंधारात दिलेली सूट मर्जीतल्या माणसापर्यंत जाते. उजेडात दिलेली सूट कामापर्यंत जाते.

दुसरी गोष्ट संस्थेच्या बाजूची. जी संस्था भाडे माफ करून मागते, तिने आपला हिशेब उघडा ठेवला पाहिजे. वर्षास किती मुले आली, त्यांत महापालिकेच्या शाळांतील किती, आठवड्यातून किती वेळ प्रवेश विनामूल्य होता, ही माहिती तिने नगरास दिली पाहिजे. दार वर्षातून चार सणांपुरते उघडणाऱ्या आणि एरवी पदाधिकाऱ्यांच्या बैठकांस जागा पुरविणाऱ्या संस्थेस सूट देणे हा लोकांच्या मालमत्तेचा अपव्ययच होय. अशा उदाहरणांनीच खऱ्या संस्थांची वाट अडविली आहे.

तिसरी गोष्ट मुदतीची. एक वर्षाची सूट घेऊन संग्रहालय चालत नाही, कारण वस्तू दरवर्षी उचलून नेता येत नाहीत. भायखळ्याच्या संग्रहालयाचा पुढचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. परंतु नाव मिळाल्याने वास्तू सुधारली नाही, तिची पडझड होत राहिली. शेवटी २००३ साली मुंबई महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. इमारतीचा जीर्णोद्धार होऊन २००८ साली ती पुन्हा खुली झाली. मालकी नगराची राहिली. पैसा, कौशल्य व देखरेख यांत इतरांनी वाटा उचलला. एकशे एकतीस वर्षांनी पुन्हा तेच तीन खांदे लागले.

अशा कराराची गरज किती मोठी आहे, हे २०२० च्या महामारीने जगास दाखविले. युनेस्कोच्या त्या वर्षीच्या पाहणीनुसार जगातील सुमारे ९० टक्के, म्हणजे ८५,००० हून अधिक संग्रहालये बंद ठेवावी लागली. प्रवेशमूल्य थांबले, शाळांच्या सहली थांबल्या. भाड्याचा महिना मात्र थांबला नाही. ज्यांचे छप्पर नगराच्या करारावर उभे होते ती संग्रहालये दार लावून वाट पाहू शकली. ज्यांस दरमहा बाजारभाव मोजावयाचा होता, त्यांच्यापुढे वस्तू बांधून ठेवण्याचा प्रश्न उभा राहिला.

सोलापुरास मुलांच्या संग्रहालयाचे प्रयोजन इतर गावांहून काकणभर अधिकच आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांनी व हातमागांनी गावाचे पोट भरले. आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. ज्याच्या आजोबांनी साच्यावर आयुष्य घालविले, त्या मुलास धोटा हातात घेऊन पाहण्याची सोय हवी. शिवाय या गावात एका घरी मराठी, दुसऱ्या घरी तेलुगू, तिसऱ्या घरी कानडी आणि चौथ्या घरी उर्दू बोलली जाते. पुस्तक उघडताच भाषेची भिंत आडवी येते. माग, ताणा आणि बाणा यांस मात्र चारही घरची मुले एकाच नजरेने पाहतात. शेजारी बसून तोच धोटा आळीपाळीने फेकून पाहिल्याने जी ओळख होते, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकास साधणार नाही.

असे दालन नव्या पेठेतच का, गावाबाहेर स्वस्त जागा का पाहू नये, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. पूर्व भागातील विडी कामगाराचे किंवा विणकराचे मूल सहलीची मोटार करून गावाबाहेर जाणार नाही. ते आईचे बोट धरून बाजारात येईल. जेथे आई खरेदीस येते तेथेच मुलाचे दार असावे लागते.

म्हणून नगरपित्यांपुढे असा अर्ज येईल तेव्हा दया करावी की करू नये, हा विचार बाजूस ठेवावा. त्या दोन खणांतून नगरास काय हवे आहे, ते आधी ठरवावे; मग ते काम पंधरा-वीस वर्षांच्या कराराने बांधून घ्यावे, सोडलेली रक्कम सर्वांस दिसेल अशी लिहावी, आणि काम न झाल्यास खण परत घ्यावेत. टाऊन बराकीतून बाहेर काढलेल्या वस्तूंस असा एखादा कागद मिळाला असता, तर मुंबईच्या पहिल्या संग्रहालयाची हकीकत वेगळी लिहिली गेली असती. सोलापूरची हकीकत अजून लिहावयाची आहे, आणि तो कागद नगराच्याच हाती आहे.