कोळशावरचा ट्रक

उठा, भट्टी पेटवायचीय. साल 1943, गाव छूचिंग, चीनचा युनान प्रांत. रात्रभर ढेकणांनी फोडून काढलंय; खाजवत का होईना, पण बाहेर या.

तुम्ही विशीतले इंग्रज तरुण आहात. बंदूक हाती धरणार नाही, हे मायदेशी न्यायाधिकरणापुढे उभं राहून सांगून आलात. "बहिणीवर जर्मन सैनिक चालून आला तर?" हा ठरलेला प्रश्नही झेललात. मग क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या ‘फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट’मधून इथे. पगार नाही, हातखर्चापुरते पैसे.

ब्रह्मदेशचा रस्ता जपान्यांनी तोडलाय, पेट्रोल मिळणं मुश्कील. म्हणून ट्रकला लोखंडी भट्टी जोडलीय आणि इंजिन कोळशाच्या वायूवर चालतं. शेगडीला वारा घालावा तसा पंख्याचा दांडा फिरवा. जोरात! धूर नाकातोंडात जातोय, खांदे भरून आलेत. आता नळीच्या तोंडाशी काडी धरा. ज्योत टिकली? निघू या. त्या वायूत फार वेळ तोंड घालू नका, विषारी आहे.

मागे क्विनीन, सल्फाच्या गोळ्या, बँडेज. हिमालय ओलांडून विमानाने आलेला माल. पुढे 24 वळणांचा घाट. वायूवर इंजिनाला जोर कमी, ट्रक चालत्या माणसाइतका हळू. तुम्ही क्लीनर, म्हणजे लाकडी उटी घेऊन मागून धावायचं. ट्रक थबकला की चाकामागे उटी सारा, लगेच, कारण खाली दरी आहे. लढायला नकार देणाऱ्यांना भेकड म्हणणाऱ्यांनी हा घाट एकदा चढावा, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी गावात थांबा. तापल्या भट्टीतून खंगर उकरताना बोटं भाजतात. शेजारी कढईत डुकराच्या चरबीवर लसूण-मिरची तडतडते, ठसक्याने सगळी गल्ली खोकते. काजळीने माखलेलं तुमचं तोंड बघायला पोरं गोळा होतात, अंगठा वर करून ओरडतात, "तिंग हाव!" भात, जाळ तिखट भाजी, वर गरम चहा. याच देशाच्या उत्तरेत आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस जखमींची सेवा करता करता गेल्या डिसेंबरात गेले. या रस्त्यावर त्यांची आठवण येतेच.

गुइयांग आलं. पाठ मोडलीय, पण बसू नका. गोदामात यादी घेऊन उभे राहा, एकेक खोकं मोजून उतरवा. लांबच्या दवाखान्याचा माणूस कालपासून दारात थांबलाय. क्विनीनचं खोकं आधी त्याला द्या.