मोठ्या श्वानांचे वजन आणि गुडघ्याचे दुखणे

लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड यांसारख्या मोठ्या जातींचे श्वान मागील पायाने लंगडू लागण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे गुडघ्यातील 'क्रूसिएट लिगामेंट' या अस्थिबंधाची इजा. मांडीचे व नडगीचे हाड यांना जोडणारा हा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही.

माणसात तो बहुधा खेळताना बसलेल्या हिसक्याने तुटतो. श्वानांत मात्र तो बहुतेक वेळा हळूहळू झिजतो आणि अखेरीस एखाद्या साध्या उडीनेही तुटतो. श्वान उभा असतानाही त्याचा गुडघा वाकलेला असतो, तसेच नडगीचा माथा मागील बाजूस उतरता असतो. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक या अस्थिबंधावर ताण येतो. वजन वाढले की हा ताणही वाढतो. वय, आनुवंशिकता व काही मोठ्या जातींत फार लवकर केलेले निर्बीजीकरण हीदेखील कारणे आहेत. परंतु मालकाच्या हाती सर्वाधिक असते ते वजनच.

लक्षणे : विश्रांतीनंतर उठताना लंगडणे, पाय टेकवताना केवळ बोटांवर भार देणे, बसताना एक पाय बाजूला सोडणे, जिना चढण्याची टाळाटाळ. एका पायाचा अस्थिबंध तुटलेल्या श्वानांपैकी सुमारे निम्म्या श्वानांचा दुसरा गुडघाही पुढे निकामी होतो. म्हणूनच पहिल्या लंगडण्याकडे दुर्लक्ष करू नये.

उपचार : मोठ्या श्वानांत केवळ विश्रांती सहसा पुरेशी ठरत नाही. अमेरिकेतील पशुशल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी विकसित केलेल्या 'टीपीएलओ' शस्त्रक्रियेत नडगीचा माथा कापून, फिरवून त्याचा उतार कमी केला जातो व धातूच्या पट्टीने हाड स्थिर केले जाते. शस्त्रक्रियेनंतरही वजन आटोक्यात ठेवावेच लागते. आयब्युप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके श्वानांना घातक ठरतात. ती मुळीच देऊ नयेत.

आहार : अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर श्वानांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेले श्वान सरासरी सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात संधिवातही उशिरा दिसला.

श्वानाच्या बरगड्या दिसू नयेत, पण हलका हात फिरवताच जाणवाव्यात. वरून पाहता कंबर दिसावी. वजन घटवायचे असल्यास आठवड्याला एक ते दोन टक्के, म्हणजे ४० किलोच्या श्वानात ४०० ते ८०० ग्रॅम, ही गती सुरक्षित मानली जाते. अन्न मोजून द्यावे. बिस्किटे, पोळीचे तुकडे आदी खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. दुखऱ्या गुडघ्याच्या श्वानास उड्या मारू न देता दोरी बांधून थोडे थोडे चालवावे. घरातील गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी. आहारातील बदल मात्र पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच करावेत.