गल्लीचा मोती

सकाळी साडेपाचला मी मोतीला घेऊन घराबाहेर पडतो. पाचकंदीलपाशी तोवर दूधवाले आलेले असतात, पेपरचे गठ्ठे सुटत असतात, पहिल्या एसटीची वाट बघणारे दोघे-चौघे कानाला मफलर बांधून उभे असतात. त्यांतलं कोणीतरी हटकतंच, "कुत्राले लीसन कथा चालनात, आबा?" मी सांगतो, "फिराले." समोरचा थोडा वेळ मोतीकडे बघतो, मग माझ्याकडे. कुत्र्याला फिरायला न्यावं लागतं ही गोष्ट देवळ्यात अजून नवी आहे. माझ्या लहानपणी कुत्री आपापली गाव फिरून यायची. पट्टा-साखळी गावात कोणाच्या दारी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. जनावराची जखम धुवायची, किडे काढायचे, पट्टी बांधायची, डॉक्टर टोचत असताना शिंगं धरायची. कळवण, सटाणा, मालेगाव आणि शेवटची काही वर्षं देवळा, अशी सगळी नोकरी कसमादेतच झाली. दवाखान्याचं नावच लोकांच्या तोंडी 'गुरांचा दवाखाना'. बैल यायचे, गाई-म्हशी यायच्या, शेळ्या यायच्या. कुत्रं घेऊन कोणी आलं तर रांगेतले शेतकरी त्याला पुढे जाऊ देत नसत. कुत्र्याची जखम ही गल्लीनेच बघायची, असा समज होता आणि गल्ली ती बघतही होती.

आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं नावही मोतीच. तो कोणाचा, असं विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं. आई भाकरी करायला बसली की पहिली गाईची आणि शेवटची कुत्र्याची. परातीला लागलेलं पीठ खरवडून, हात धुतलेल्या पाण्यातच मळून ती एक लहानशी जाड भाकरी थापायची. ती उरलीसुरली नव्हती, ती मुद्दाम केलेली होती. घरात पाहुणे आले, पीठ कमी पडलं, तरी ती व्हायचीच. गल्लीत बारा घरं होती. प्रत्येक घरचा चतकोर मिळाला की मोतीचं पोट भरत असे. रात्री त्याचं भुंकणं ऐकून आजोबा अंथरुणातूनच सांगायचे, अनोळखी माणूस आहे की नुसती मांजर. एकदा त्याच्या मानेला मोठी जखम झाली, तीत किडे पडले. शेजारच्या काकूंनी सीताफळाचा पाला ठेचून त्याचा रस पिळला, वरून राख दाबली. पुढे नोकरीत मी हजारो जखमा धुतल्या, पण जनावराची जखम पहिल्यांदा धुताना पाहिली ती त्या ओट्यावर.

या चतकोरामागे देवधर्मही उभा होता. पित्तरांच्या दिवसांत कावळा, गाय आणि कुत्रा यांचे घास वेगळे काढले जात. चंपाषष्ठीला बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत झालं की खंडोबाला नैवेद्य दाखवून कुत्र्याला रोडगा घालायचा. देव्हाऱ्यातल्या टाकावर देव घोड्यावर बसलेला आणि घोड्याच्या पायाशी कुत्रं, हे आम्ही पोरं बोट लावून बघायचो. आमच्या भागाला खंडोबा लांबचा नाही. लोहोणेरजवळून वाहत जाणारी गिरणा खाली मालेगावकडे जाते, तिथे चंदनपुरी. बाणाईचं गाव. धनगराच्या त्या लेकीसाठी देव चाकर झाला, तिच्या बापाच्या मेंढ्या त्याने राखल्या, अशी कथा. ज्या देवाने मेंढ्या राखल्या, त्याच्यासोबत कुत्रं असणारच, असं आई सांगायची.

आणि मेंढ्या राखणारे ठेलारी दरवर्षी आमच्या दारावरूनच जायचे. पिकं निघाली की खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी त्यांना बोलावतात. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, तान्ही पोरं आणि मागेपुढे उंच, हाडापेराने मजबूत कुत्री. त्यांतल्या एकाच्या गळ्यात मी आयुष्यातला पहिला पट्टा पाहिला. लोखंडी होता आणि त्यातून खिळे बाहेर आलेले. बिबट्या कुत्र्याला मानेला धरतो, म्हणून तो पट्टा. त्याला दोरी कुठेच नव्हती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्या मुलखात पट्टा आला तो कुत्र्याला अडकवण्यासाठी आलेला नव्हता. त्याची मान वाचावी म्हणून माणसाने तो घडवून घेतला होता.

राजाच्या कुत्र्याचंही असंच नातं होतं. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं आणि त्याबद्दल त्याला जहागीर, पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीला आहे. खंड्याला जहागीर आणि आमच्या मोतीला चतकोर. रकमेत फरक असेल, पण दोन्ही ठिकाणी कुत्र्याचा वाटा ठरलेला होता.

हा वाटा कधी आणि कसा मोडायला लागला, ते मला देवळ्यात कळलं नसतं. एका प्रशिक्षणाला मुंबईत परळला गेलो होतो, तिथे एका जुन्या प्राध्यापकांनी जेवणाच्या सुट्टीत 1832 सालची हकीकत सांगितली. तेव्हा मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा इंग्रजांचा नियम होता. वर्षातले ठरावीक दिवस शिपाई हातात सोटे घेऊन फिरत आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या वर्षी ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. आठ आण्यांसाठी लोक घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा त्यांचा विधी आहे. 6 जूनला त्यांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी कोटात पारशांनी कुत्री मारणाऱ्यांना अडवलं, मारलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली. जैन आले, हिंदू आले, मुसलमान आले. गोऱ्या फौजेला जाणारं खाणंपिणं अडवलं गेलं, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या बंदांपैकी हा एक बंद कुत्र्यांसाठी घडला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्याबरोबरच्या शेठ लोकांनी मुंबईत पांजरापोळ काढली. कुत्री मारू नका, आम्हाला द्या, आम्ही सांभाळतो, हा तिच्यामागचा एक मोठा हेतू होता. पुढे 1874 मध्ये प्राण्यांवरचे अत्याचार थांबवणारी मंडळी उभी राहिली, परळला दिनशा पेटिटांनी बाई साकरबाईंच्या नावाने प्राण्यांचा दवाखाना बांधून दिला आणि 1886 मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. ज्या बाकावर बसून मी ही गोष्ट ऐकली, ते बाकसुद्धा या हकीकतीचाच भाग होतं. त्या दुपारी मी जेवलो नाही.

इंग्रजी कायद्याने कुत्र्यांची दोनच घरं केली. मालकाचं आणि बेवारस. आमच्या गल्लीतला मोती यांतल्या कुठल्याच घरात बसत नव्हता, आणि बसत नाही म्हणून तो कायद्याच्या लेखी बेवारस ठरला. ही भाषा स्वातंत्र्यानंतरही गेली नाही. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यात भटकी कुत्री नष्ट करण्याचं कलम आहेच. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावात मी ते डोळ्यांनी पाहिलं. गावाचं नाव घेत नाही. भज्यांत कुचल्याचं विष घालून रात्री टाकलेलं. सकाळी मी सायकलवरून दवाखान्यात चाललो होतो. रस्त्याकडेला कुत्री ताठ होऊन पडली होती, काही अजून झटके देत होती. एक कुत्री पिलांना पाजता पाजता गेली होती आणि पिलं तिला चिकटलेली होती. कुचल्यावर करता येण्यासारखं माझ्या पिशवीत काहीच नव्हतं. मी पिलं उचलली. चारांतली दोन जगली.

पण गावाने ते का केलं, हेही मला माहीत आहे आणि ते मी लपवणार नाही. मी दहा वर्षांचा असताना पिसाळलेलं कुत्रं मला चावलं. नाशिकला नेऊन पोटात चौदा इंजेक्शनं दिली, रोज एक. ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे. पाश्चर यांनी 1885 मध्ये पॅरिसला एका मुलाला पहिली लस टोचली, आपल्याकडे 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, तिथे सेंपल या डॉक्टरांनी 1911 मध्ये ही मेंढीच्या मेंदूची लस बसवली आणि ती जवळजवळ शतकभर चालली. 2005 च्या सुमारास आपल्या देशात ती बंद झाली. पोटाला लिंबाएवढ्या गाठी यायच्या. मी वाचलो. आमच्याच शिवारातला एक सालदार त्याच हंगामात गेला, त्याने मांत्रिकाकडून झाडा घेतला होता. पाण्याचा तांब्या पुढे केला की त्याचा घसा आवळायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे. म्हणून कुत्र्याला भिणाऱ्या माणसावर मी कधी रागावत नाही.

मारून मात्र ते भय कमी झालं नाही. मुंबई महापालिकेने 1994 च्या सुमारास कुत्री मारणं थांबवलं. 2001 साली देशभरासाठी नियम झाले: पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जिथून आणलं तिथेच सोडा. 2023 च्या नव्या नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना समाजाचे प्राणी असं म्हटलं आहे. गल्लीचा मोती कागदावर पहिल्यांदा गल्लीचा झाला, त्याला 1832 पासून 191 वर्षं लागली.

दरम्यान गल्लीच बदलली. 1999 मध्ये कळवणमधून देवळा वेगळा तालुका झाला, कचेऱ्या आल्या, बँका आल्या, पुढे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. कळवण रोडला वसाहती उभ्या राहिल्या. दारं लोखंडी झाली. पोळ्या माणशी मोजून होतात आणि उरलं ते घंटागाडीत जातं. मोतीचे बारा चतकोर बंद झाले, त्याची पिलं आता चिकनच्या दुकानांमागे टोळीने बसतात आणि तिथेच लहान मुलांच्या मागे लागतात. दुसरीकडे घराघरांत लॅब्रेडोर आले. माझा आताचा मोतीही तसाच, मुलाने पुण्याहून आणलेला. पुण्यात मुलगा आठव्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या सोसायटीत एक पोरगा महिन्याच्या पगारावर सकाळ-संध्याकाळ सहा-सहा कुत्री फिरवून आणतो. मला त्या पोराचं कौतुक आहे. फिरलं नाही तर लॅब्रेडोरचं वजन वाढतं, मागचे पाय जातात, कंटाळून तो दाराचं लाकूड खातो. पाळायचं असेल तर चालायचं, एवढं पक्कं समजून पाळावं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. गिरणाकाठच्या उसात बिबटे आहेत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याला विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. कांद्याच्या चाळीला राखण म्हणून रात्री कुत्रं साखळीने बांधून ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही. ते रात्री आत घ्या. ठेलारी आपल्या कुत्र्याची मान लोखंडाने झाकत होते, आपण निदान त्याला दार तरी द्यावं.

राहिलं रेबीजचं भय. गोव्यात 2013 पासून 'मिशन रेबीज'ची माणसं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचून अंगावर रंगाची खूण करत गेली आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रणात आलेलं म्हणून जाहीर झालं. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की हा रोग पसरायचा थांबतो. देवळ्यात हे होण्यासारखं आहे.

28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन आणि जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी घरचं कुत्रं तर दवाखान्यात आणाच, पण तुमच्या गल्लीतलं तुम्हाला ओळखणारं एक कुत्रंही सोबत आणा. तोंड बांधायला सुती पट्टी मी देईन, धरायलाही मी येईन. खिडकीवर मालकाचं नाव विचारतील. तिथे गल्लीचं नाव सांगा.