मस्टरवर नाव नव्हतं

युद्धातल्या परिचारिकेवरची कादंबरी बहुधा युद्ध संपतं तिथेच संपते. तंबू गुंडाळले जातात, जखमी शिपाई गावी जातात आणि नायिका आगगाडीत बसते. मला त्याच्या पुढचं वाचायचं असतं. ती उतरली कुठे? राहिली कुणाकडे? हात थकल्यावर तिचं भाडं कुणी भरलं? माझा जन्म सरकारी रुग्णालयात गेला, आधी वॉर्डात आणि मग मेट्रनच्या ऑफिसात. निवृत्तीला आलेल्या सिस्टरांची सर्व्हिस बुकं मी पान न् पान तपासली आहेत. एक नोंद राहून गेली तर म्हातारपणाचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१ ते १८६५) परिचारिकांचा इतिहास मी त्याच नजरेनं वाचते.

१८६१च्या जूनमध्ये डोरोथिया डिक्स यांची उत्तरेच्या सैन्यातल्या परिचारिकांच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. त्यांच्या अटी कडक होत्या. वय पस्तीस ते पन्नास, कपडे तपकिरी किंवा काळे, दागिने नकोत, केसांच्या बटा नकोत, गोल सांगाड्यावर फुगवलेला घेरदार झगा तर मुळीच नको. लोक या अटींना हसतात. दोन खाटांमधल्या फटीतून ड्रेसिंगचा ट्रे घेऊन जी गेली आहे, ती हसणार नाही. मोबदला दिवसाला ४० सेंट आणि शिधा. नेमणुकीचं पत्र मात्र हातात मिळे, आणि पुढे त्या पत्रालाच किंमत आली.

कारण बहुतेकींकडे असं पत्र नव्हतं. उत्तरेच्या रुग्णालयांतून एकवीस हजारांहून अधिक बायकांनी काम केलं. कुणी नर्स, कुणी मेट्रन, कुणी स्वयंपाकीण, कुणी धोबीण. काळ्या बायकांची नावं बहुतेक शेवटच्या दोन रकान्यांत पडली. १८६४च्या जानेवारीत त्यांना स्वयंपाकी किंवा नर्स म्हणून घेण्याचा आदेश निघाला, महिना दहा डॉलरवर. काम रकान्याप्रमाणे चालत नव्हतं. पेज शिजवणारीच ती रुग्णाला भरवी. रक्तापुवाच्या पट्ट्या उकळणारीच रात्री उशाशी बसे.

मग ५ ऑगस्ट १८९२ला कायदा झाला, म्हणजे युद्ध संपून सत्तावीस वर्षं झाल्यावर. सहा महिने परिचारिका म्हणून सेवा, सन्मानानं झालेली मुक्तता आणि आता स्वतःचं पोट भरता येत नाही, एवढं सिद्ध करणारीला महिना बारा डॉलर पेन्शन. स्वयंपाकिणींना नाही, धोबिणींना नाही. रकाना भरणाऱ्या कारकुनाच्या एका शब्दावर कितीजणींचं म्हातारपण ठरलं, याचा विचार करताना मला अजूनही राग येतो.

सुझी किंग टेलर त्यांतल्याच एक. १८४८ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. काळ्या मुलांना शिकवायला तिथे बंदी होती, म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळून नेत त्या सवानात चोरून शिकल्या. १८६२मध्ये काळ्या सैनिकांच्या अगदी पहिल्या पलटणींपैकी एकीत दाखल झाल्या. कागदावर धोबीण. प्रत्यक्षात त्या जखमा बांधत, बंदुका साफ करत आणि शिपायांना अक्षरओळख करून देत. एका शिपायाला देवी आल्या तेव्हा डॉक्टर आणि एक मदतनीस सोडून कुणाला त्याच्याजवळ मुभा नव्हती. लस टोचलेली असल्यानं या तिथेही रोज जात. चार वर्षं आणि तीन महिने. एक डॉलरही न घेता, असं त्यांनी आपल्या १९०२च्या आठवणींत स्वतः नोंदवलं आहे. १८६६मध्ये नवरा वारला, मूल व्हायचं होतं. काढलेली शाळा चालेना, तेव्हा दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिल्या आणि पुढे बॉस्टनला गेल्या. पेन्शन शेवटपर्यंत मिळाली नाही.

हॅरिएट टबमन यांना जग ओळखतं ते गुलामांना रातोरात सोडवून नेणारी म्हणून. त्यांची रुग्णसेवा मागे पडते. १८६२मध्ये त्या दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर, ब्यूफर्ट भागात गेल्या. हगवणीनं शिपाई मरत होते आणि मुळ्या उकळून काढलेला त्यांचा काढा तिथे नावाजला गेला. लष्कराकडून मिळणारा शिधा त्यांनी सोडला, कारण गुलामीतून सुटून आलेल्या उपाशी लोकांना ते डाचत होतं. दिवसभर रुग्णालय आणि रात्री सारण भरलेले ‘पाय’, जिंजरब्रेड आणि रूट बिअर करून विकणं, असा त्यांचा चरितार्थ. सबंध युद्धात सरकारकडून हाती आले ते जेमतेम दोनशे डॉलर. त्या पैशांतूनही त्यांनी धुलाईघर बांधलं, सुटलेल्या बायकांना शिपायांचे कपडे धुऊन चार पैसे मिळावेत म्हणून. १८६३च्या जूनमध्ये कोम्बाही नदीवरच्या स्वारीला त्यांनीच वाट दाखवली आणि सातशेहून अधिक माणसं सुटली. जुलैत फोर्ट वॅग्नरच्या लढाईतले जखमी आले, तेव्हा त्या परत खाटांपाशी होत्या.

१८६५च्या ऑक्टोबरात त्या सैनिकी सवलतीच्या पासावर घरी निघाल्या. कंडक्टरला तो पास खोटा वाटला. काळ्या बाईकडे असा पास असेल कसा? माणसं बोलावून त्यांना ओढत दुसऱ्या डब्यात ढकललं आणि हाताला जबर दुखापत केली. कागद असूनही तो मानला गेला नाही.

पुढची तीस वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या त्यांच्या घरी कुणी ना कुणी निराधार राहत असे आणि या कर्जात असत. त्यांना आधी पेन्शन मिळाली ती विधवा म्हणून, कारण दुसरे पती नेल्सन डेव्हिस सैनिक होते. महिना आठ डॉलर. १८९८मध्ये त्यांनी शपथपत्र केलं आणि नर्स, स्वयंपाकीण आणि हेरांच्या तुकडीची प्रमुख म्हणून १,८०० डॉलरची मागणी मांडली. १८९९मध्ये काँग्रेसनं पेन्शन वाढवून वीस डॉलर केली. तोवर त्यांनी शेजारची पंचवीस एकर जमीन लिलावात घेतली होती, बेघर वृद्धांच्या आश्रमासाठी. पैसे पुरेनात म्हणून ती चर्चच्या हवाली केली. चर्चनं प्रवेशाला शंभर डॉलर ठरवले आणि त्या संतापल्या. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांच्यासाठी तर ते घर होतं. १९०८मध्ये आश्रम उघडला, १९११मध्ये त्या स्वतः तिथे राहायला गेल्या आणि १० मार्च १९१३ला तिथेच वारल्या.

दक्षिणेच्या बाजूला सॅली टॉम्पकिन्स. रिचमंडमधल्या त्यांच्या छोट्या रुग्णालयात १,३३३ जखमी आले आणि ७३च दगावले. त्या काळासाठी हे थक्क करणारं आहे. त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला, पण पगार त्यांनी नाकारला. संपत्ती सरल्यावर १९०५मध्ये तिथल्या महिलाश्रमानं त्यांना कायमचं ठेवून घेतलं. गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या सैन्याची ती कॅप्टन, तिला म्हातारपणी दार उघडं मिळालं. सुझी टेलर यांच्यासाठी असं दार नव्हतं.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. त्यांच्या घरातही शेवटी रुग्णसेवाच आली. १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतांच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच संसर्ग होऊन त्याही, टबमन यांच्यासारख्याच, १० मार्चला गेल्या. १९०५मध्ये यशवंतही गेले. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंना राहतं घर विकावं लागलं आणि अखेरची वर्षं पुण्यात रामेश्वराच्या देवळापाशी उघड्यावर काढावी लागली. आज त्या घरावर आपण फुलं वाहतो. त्यांना तेव्हा दोन खोल्या कुणी दिल्या नाहीत.

टबमन यांचा हिशेब उशिरा का होईना, झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांच्या पाठपुराव्यानंतर २००३मध्ये काँग्रेसनं पेन्शनमधल्या तफावतीपोटी ११,७५० डॉलर ऑबर्नच्या त्या घराला दिले. मी निवृत्तांची थकबाकी काढत आले आहे, म्हणून सुझी टेलर यांचीही काढली. ५१ महिने, १८६४च्या आदेशातल्या दहा डॉलरच्या दरानं ५१० डॉलर. ऑगस्ट १८९२पासून त्या वारल्या त्या ऑक्टोबर १९१२पर्यंत २४२ महिने, बारा डॉलरप्रमाणे २,९०४. एकूण ३,४१४ डॉलर, व्याज न धरता.