चांद्याचा वेढा, मे 1818

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. गोंड राजांची राजधानी, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेलेली. सीताबर्डीच्या लढाईत (नोव्हेंबर 1817) आप्पासाहेब भोसले हरले, आणि मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी त्यांना कैद केले. पेशवा दुसरा बाजीराव चांद्याच्या आश्रयाला येत होता. पण एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने त्याच्या फौजेची दाणादाण उडवली आणि मग चांद्यावर मोर्चा वळवला.

9 मे रोजी इंग्रज फौज शहराबाहेर उतरली. चांदा हा डोंगरी किल्ला नव्हे. येथे सबंध शहरालाच दगडी परकोट आहे. पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट या नद्या. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर अशा चार वेशी, शिवाय लहान खिडक्या. इतका लांब तट थोड्या शिबंदीने सर्वत्र राखणे अशक्यच होते, हे पराभवाचे खरे कारण मानावे लागते. ॲडम्सने काही दिवस पाहणीत घालवले, मग आग्नेय कोपरा हेरला. 19 मे रोजी जवळून तोफांचा भडिमार झाला, दिवस मावळेपर्यंत तटाला खिंडार पडले. 20 मेच्या पहाटे हल्लेखोर त्यातून आत शिरले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. धनी कैदेत असतानाही त्याने किल्ला स्वाधीन केला नाही, ही गोष्ट इतिहासग्रंथांतून फार थोडक्यात उरकली जाते. याच वेढ्याच्या दिवसांत, 13 मे रोजी, प्रयागकडे नेले जात असलेले आप्पासाहेब वाटेतून निसटले होते. शहर पडल्यावर लूट झाली. भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या अंकित राहिले आणि 1854 मध्ये खालसा झाले.