गड, गढ आणि एका अक्षराचा फरक

प्रतापगड म्हटलं की आपल्याला आठवतो तो साताऱ्याकडचा, १६५९ सालच्या अफजलखान भेटीचा. पण एक प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातही आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तिथेही जुना किल्ला आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आता जुन्या कागदपत्रांत हे गाव शोधायचं म्हटलं तर गंमत सुरू होते. एक तर गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधीच्या नोंदी भंडाऱ्यात. आणि दुसरं म्हणजे स्पेलिंग!

इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये 'प्रतापगढ' हे नाव पी-ए-आर-टी-ए-बी-जी-ए-आर-एच असंही लिहिलेलं सापडतं (राजपुतान्यातलं संस्थान बघा). आपण आज लिहितो पी-आर-ए-टी-ए-पी-जी-ए-डी. माणसाला कळतं की नाव तेच आहे. कॉम्प्युटरला कसं कळावं?

पहिला उपाय साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे ही युक्ती कॉम्प्युटरच्याही आधीची, कार्डांच्या कपाटांसाठीची! पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा आणि तीन आकडे झाले की थांबायचं. पी आणि बी दोघांना १, टी आणि डी दोघांना ३. वरची दोन्ही स्पेलिंगं घातली तर उत्तर एकच येतं: पी६३१. वा! पण 'प्रतापपूर' घातलं तरी पी६३१च येतं. कारण 'गड' की 'पूर' हे ठरायच्या आतच आकडे संपतात.

दुसरा उपाय रशियन गणिती लेव्हनश्टाइन यांचा, १९६५ चा. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, तेवढं त्यांच्यातलं अंतर. आपल्या दोन स्पेलिंगांत हे अंतर येतं ५, आणि प्रतापगड-प्रतापपूर यांच्यात फक्त ३. साताऱ्याचा आणि गोंदियाचा प्रतापगड? शून्य! :)

मराठीत आणखी एक भानगड आहे, ऱ्हस्व-दीर्घाची. मोडीत इकार एकच आणि उकारही एकच, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नव्हता. छापखान्याबरोबर बाळबोध सर्वत्र रूढ झाली आणि वाद सुरू झाले. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम सांगतात की गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहा. त्याआधीच्या छापील मजकुरात 'नागपुर' सर्रास दिसतं. म्हणून मराठी शोधासाठी मी आधी सगळे इकार-उकार एकसारखे करून टाकतो, मग तुलना. थोडक्यात काय, प्रोग्राम शब्द मोडीत लिहून घेतो आणि मग बघतो.

इथपर्यंत सगळा खेळ वाटतो. पण महाराष्ट्रात एका अक्षराच्या अंतरावर फार मोठा प्रश्न उभा आहे. अनुसूचित जमातींच्या राज्याच्या यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. धनगर समाजातल्या अनेकांचं म्हणणं असं की हा 'धनगड' म्हणजे आम्हीच, 'र' चा 'ड' झालाय. हे नुसतं ऐकून सोडून देण्यासारखं नाही, कारण इंग्रज लोक 'गढ' मधला 'ढ' आर-एच असा लिहीत. म्हणजे रोमन लिपीतला आर कधी 'र' असतो, तर कधी 'ड-ढ' च्या घरचा. उलट बाजूने आदिवासी संघटना म्हणतात की ही दोन नावं वेगळी, माणसंही वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये धनगरांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या. यादी आहे तशीच वाचायची, हे सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी प्रकरणात २००० सालीच सांगितलं होतं. बदल करायचा तर तो संसदेने.

आता हीच जोडी प्रोग्रामला द्या. लेव्हनश्टाइन म्हणतो अंतर १, म्हणजे जवळजवळ तेच. साउंडेक्स म्हणतो डी५२६ आणि डी५२३, म्हणजे वेगळे. कुणाचं ऐकायचं? माझ्या मते दोघांचंही नाही. दोघेही फक्त अक्षरं मोजतात. नावामागे कोण माणसं होती, कुठे राहत होती, नोंद कुणी आणि कुठल्या लिपीत केली, हे त्यांना ठाऊकच नसतं. "हे दोन कागद शेजारी ठेवून बघा" एवढंच ते सांगू शकतात, आणि हजारो कागदांच्या ढिगात तेवढं सांगणं हीसुद्धा मोठी मदत असते. पुढचं काम इतिहासाचं आणि कधी कधी कोर्टाचं.

म्हणून असा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एकच सांगणं: शोधासाठी स्पेलिंग हवं तेवढं सपाट करा, पण मूळ नोंद जशी आहे तशीच जपून ठेवा. 'सुधारलेलं' एक अक्षर उद्या कुणाच्या तरी दाखल्यावर येऊ शकतं.